पाचवी पिन

कुलपांच्या त्या कारखान्यात नवा मॅनेजर आला की पिनांच्या टेबलावरच्या बायका त्याला 'पाहुणा' म्हणत. चार वर्षांत तीन पाहुणे येऊन गेले होते. पहिला काचेच्या खोलीतून बाहेर पडायचा तो फक्त जेवायला. दुसरा बाहेर पडायचा, पण हात मागे बांधून, उंटावरून शेळ्या हाकत. तिसऱ्याने स्वतःच्या नावाची पाटी लावायला भिंतीत खिळा ठोकून घेतला आणि पाटी रंगून यायच्या आत तोच गेला. खिळा अजून आहे. त्यावर रेडिओ आपली पिशवी अडकवते.

रेडिओ म्हणजे टेबलावरच्या तिसऱ्या खुर्चीतली बाई. कारखान्यातली कुठलीही गोष्ट मालकांच्या कानावर जायच्या आधी तिच्या तोंडून निघते, म्हणून हे नाव. चौथ्या पाहुण्याची बातमीही तिनेच आणली.

"हा काही वेगळाच दिसतोय," ती म्हणाली. "येताना स्वतःचा अ‍ॅप्रन घेऊन आलाय."

"नव्याचे नऊ दिवस," थोरली म्हणाली आणि चिमट्यातली पिन भोकात सोडली.

थोरली टेबलाची मुख्य. तिच्या शेजारच्या खुर्चीत तिची धाकटी जाऊ बसते, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी. खरी नावं हजेरीच्या वहीत आहेत, तिथून ती कुणी बाहेर काढत नाही. थोरलीचा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेजारीण उसनी साखर परत करायला आली तर थोरली वाटी हातात तोलून बघते. डॉक्टर हसून बोलला तर आजार मोठा आहे असं समजते. नवरा गेला तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, तिच्या कपाटाला कुलूप आहे आणि चावी गळ्यातल्या दोऱ्यात. घरात दुसरं आहे कोण? धाकटी आणि धाकटीचा नवरा. तेव्हा कुलूप कुणासाठी होतं, हे वेगळं सांगायला नको.

पण हात मात्र तिचा सोन्याचा होता. कुलपाच्या पितळी गाभ्याला एका ओळीत पाच बारीक भोकं असतात. प्रत्येक भोकात एक पिन आणि तिच्यावर एक स्प्रिंग. चावीवर पाच खाचा. प्रत्येक खाच आपापली पिन नेमकी हवी तेवढी उचलते आणि मगच कुलूप फिरतं. एक पिन केसभर वर राहिली तरी चावी अडते. असं अडलेलं कुलूप तपासणीच्या खिडकीतून परत यायचं आणि भिंतीवरच्या फळ्यावर, ज्या बाईचं ते कुलूप, तिच्या नावापुढे एक लाल ठिपका पडायचा. आठवड्यात तीन ठिपके झाले की पुढचा आठवडा पॅकिंगमध्ये, आठ तास उभं राहून खोकी चिकटवायची. थोरलीच्या नावापुढे सव्वीस वर्षांत तीन ठिपके एका आठवड्यात कधी पडले नव्हते.

याचं गुपित सांगायला हरकत नाही. अडलेल्या कुलपात पाचांतली कुठली पिन अडली आहे, हे थोरलीच्या बोटांना चावी फिरवतानाच कळायचं. ती पिन स्प्रिंगसकट काढून टाकायची, बस. चावी लोण्यात सुरी फिरावी तशी फिरते. उरलेल्या चार पिना कुलूप धरून ठेवतातच, आणि आत डोकावून मोजायला कोण बसलंय? ही युक्ती तिने टेबलावरच्या चारही बायकांना शिकवली होती. वर नियमही घालून दिला होता, "पिन खिशात, तोंड बंद." कारखान्याचा केर चाळून पितळ वेगळं काढत, म्हणून पिना तिथे टाकता येत नसत. रस्त्यावर टाकायला तिचा जीव होत नसे. ती त्या घरी नेई आणि कपाटातल्या एका जुन्या डब्यात ओती.

पूर्वी महिन्यातून एखाद-दुसरी पिन काढावी लागायची. गेल्या आठ महिन्यांत मात्र रोज दोन-तीन कुलपं अडायला लागली होती. का, हे कुणी विचारलं नाही. विचारणार कुणाला? चाव्या कापायचं मशीन ज्याच्या हातात होतं तो मालकांच्या बायकोचा सख्खा भाऊ. मालकांचा मेहुणा म्हणून सगळा कारखाना त्याला 'मेहुणे' म्हणायचा. त्याच्या चावीत खोट काढायची म्हणजे मालकिणीच्या माहेरावर बोट ठेवायचं. त्यापेक्षा पिन खिशात बरी.

मग पोहण्याच्या तलावाचं प्रकरण झालं. तिथल्या कपाटांसाठी दोनशे कुलपं गेली होती. एक गृहस्थ पोहून आले, आपलं समजून शेजारचं कपाट आपल्या चावीने उघडलं, आतली पँट घातली आणि घरी गेले. खिशात हात घातला तेव्हा दुसऱ्याच कुणाचा चष्मा लागला. तलाववाल्यांनी मग सगळ्या चाव्या सगळ्या कुलपांना लावून पाहिल्या. अकरा कुलपं परक्या चाव्यांनी उघडली; जिथे पिनच नाही, तिथली खाच कशीही असली तरी चालते. ती अकरा त्यांनी परत केली आणि बाकीचीही बदलून मागितली. नवा पाहुणा पहिल्या दिवशी कारखान्यात आला तो काखेत ती अकरा कुलपांची पेटी घेऊनच.

पेटीला निळी सुतळी बांधलेली होती. त्याने ती काचेच्या खोलीतल्या फळीवर ठेवली आणि टेबलापाशी आला. पंचेचाळिशीचा, रुंद बोटांचा, आवाज बेताचा.

"मालकांनी मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो," तो म्हणाला. "महिन्याभरात कारण सापडलं नाही तर हे टेबल बंद होणार. तयार भरलेले गाभे बाहेरून यायला लागतील. म्हणजे तुम्हा पाचजणींचं काम जाणार."

रेडिओने चिमटा खाली ठेवला.

"मला सहावी खुर्ची द्या," तो म्हणाला. "आणि पिना भरायला शिकवा."

थोरलीने खिशातल्या पिना चाचपल्या. काचेच्या खोलीतला माणूस खोलीत असलेला बरा. तिथून त्याला डोकी दिसतात, हात दिसत नाहीत. हा तर हातांशेजारी येऊन बसायचं म्हणत होता. तिने त्याला खुर्ची दिली ती टेबलाच्या पार टोकाची, जिथे उजेड सगळ्यात कमी.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तेव्हापासून थोरलीला दोनच गोष्टी दिसायला लागल्या. एक तो आणि दुसरी ती पेटी. पेटीची सुतळी सोडून त्याने एक कुलूप उघडलं की संपलं, पाचच्या जागी चार पिना दिसणार. रोज सकाळी हजेरी लावायला जाताना ती काचेतून सुतळीची गाठ बघून घ्यायची. गाठ तशीच असायची. त्याने तिचा जीव निवायच्या ऐवजी जास्तच टांगणीला लागला. हा पेटी उघडत का नाही? कशाची वाट बघतोय?

पाहुण्याची बोटं जाड होती. पिना चिमट्यातून उडायच्या आणि तो टेबलाखाली रांगत त्या शोधायचा. पहिल्या दिवशी बायकांची सव्वाशे-सव्वाशे कुलपं झाली, त्याची नऊ. त्यातली तीन अडून परत आली. तपासणीवाला फळ्यापाशी गेला आणि खडू हातात धरून अवघडून उभा राहिला, कारण फळ्यावर मॅनेजरचं नाव लिहायची पद्धत नव्हती.

पाहुणा उठला. त्याने खडू घेतला, सगळ्यात खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पाहुणा', आणि पुढे स्वतःच तीन लाल ठिपके दिले.

हे नाव तर त्याच्यासमोर कुणी घेतलं नव्हतं. तो परत येऊन खाली मान घालून पिना वेचायला लागला. रेडिओने थोरलीकडे पाहिलं, थोरलीने रेडिओकडे.

"मी नाही हं सांगितलं," जेवणाच्या सुट्टीत रेडिओ म्हणाली. "माझ्या लेकराची शपथ. मी बाहेरच्या बातम्या आत आणते, आतल्या बाहेर नेत नाही."

"मग त्याला स्वप्न पडलं?"

"मला काय विचारता? त्याला साहेब-साहेब म्हणून कोण पिना वेचून देत होतं, ते बघा."

पिना वेचून धाकटी देत होती. थोरलीने ते पाहिलं होतं, पण दुसऱ्याने बोट दाखवलं तेव्हा ते काळजात रुतलं.

तीन ठिपक्यांचा नियम पाहुण्याने स्वतःलाही लावला. पुढच्या सोमवारी तो पॅकिंगमध्ये जाऊन उभा राहिला, आठवडाभर. बायका माना वळवून बघायच्या. मॅनेजर डिंकाने बरबटलेल्या हातांनी खोकी चिकटवतोय आणि पॅकिंगवाल्यांना विचारतोय की कुलूप खोक्यात भरताना ते हलवून बघता का, आवाज कसा येतो. नाटक, थोरली मनात म्हणाली. चांगलं वठवतोय, एवढंच.

त्याच आठवड्याच्या पहिल्या दोन दिवसांत फळ्यावर धाकटीच्या नावापुढे दोन ठिपके पडले.

"तुला काय झालंय?" थोरलीने दबक्या आवाजात विचारलं. "अडलं तर काय करायचं ते विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग?"

"नाही काढत मी आता," धाकटी म्हणाली. तिच्या चिमट्यातली पिन जराही हलली नाही. "अडू दे. ठिपका पडला तर पडू दे."

थोरलीने इकडेतिकडे पाहून घेतलं. धाकटी बारा वर्षांपूर्वी इथे आली ती तिचाच हात धरून. पिन कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा, सगळं थोरलीने शिकवलेलं. आणि आता टेबलावर चारजणींची कुलपं लोण्यासारखी फिरणार, एकटीची अडणार. आंधळ्यालाही कळेल की बाकीच्या काहीतरी करतात. दुपारी तिने पाहिलं, धाकटी पॅकिंगच्या दाराशी पाहुण्याशी बोलत होती. धाकटीने त्याच्या हातात काहीतरी दिलं, त्याने ते कागदात गुंडाळून अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवलं. घरचा भेदी म्हणतात तो हाच. थोरलीला राग तर आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. टेबल बंद झालं तर पाचहीजणी घरी बसणार. पण गुन्हेगार म्हणून हात धरून एकीलाच बाहेर काढलं तर ती कोण, हे ठरल्यात जमा होतं.

गुरुवारी सुट्टीच्या घंटेआधी पाहुणा टेबलापाशी आला.

"एक विनंती आहे," तो म्हणाला. "आपल्या टेबलावर केलेली जुनी कुलपं तुमच्या घरी असतीलच. उद्या घेऊन या, चाव्यांसकट. हे किती जुनं आहे, ते बघू."

हे म्हणताना त्याने कुणाकडेच पाहिलं नाही. थोरलीला वाटलं, तो मुद्दाम माझ्याकडे बघत नाहीये.

घरी दोन कपाटं, दोन कुलपं. नऊ वर्षांपूर्वी एकाच दिवशी, एकाच चाव्यांच्या संचातून थोरलीने स्वतःच्या हाताने ती भरली होती. एक स्वतःच्या कपाटाला लावलं. दुसरं धाकटीला दिलं, म्हणजे आपण एकट्याच कुलूप लावतो असं दिसायला नको. त्या दिवशी एखादी पिन काढली होती का? आठवेना. आठवेना म्हणजे काढली असणार.

संध्याकाळी धाकटी मोरीत कपडे पिळत होती. तिचा चाव्यांचा जुडगा नेहमीसारखा दाराजवळच्या खिळ्यावर होता. थोरलीने तो उचलला, आपल्या खोलीत गेली आणि धाकटीच्या कपाटाची चावी आपल्या कुलपात घातली. नुसती खात्री करायला. चावी फिरली. कुठेही न अडता, तिच्या स्वतःच्या चावीहून सहज. कुलूप उघडून कडीला लोंबायला लागलं.

नऊ वर्षं गळ्यात दोरा घालून फिरलेली बाई आपल्याच कपाटासमोर दुसऱ्याची चावी हातात धरून उभी राहिली.

"फिरते ती," मागून धाकटी म्हणाली. दारात उभी होती, हात ओले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"सात वर्षं झाली. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. तुम्ही शुद्धीत नव्हता. दवाखान्यात तुमचे जुने कागद मागत होते, आणि तुमची चावी त्यांनी दागिन्यांबरोबर पाकिटात घालून ठेवलेली, ती मिळेना. हे म्हणाले, कुलूप तोडू. म्हटलं थांबा, तोडलेलं दिसलं तर ताई तिथेच परत आजारी पडतील. माझी चावी सहज लावून बघितली."

"आणि?"

"कागद घेतले. पुन्हा कुलूप लावलं."

"आत काय काय बघितलंस?"

"सगळं," धाकटी म्हणाली. "पिनांचा डबासुद्धा. तेव्हा अर्धा होता."

थोरली पलंगावर बसली. सात वर्षं. सात वर्षं ही बाई कधीही येऊन हे कपाट उघडू शकत होती, आणि आपण तिच्यासमोर दोरा चाचपत होतो. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही कुलूप बदललं असतंत, आणि त्यानंतर मी तुमच्या खोलीवरून जातानासुद्धा तुम्ही माझे हात बघितले असते. त्यापेक्षा तुम्हाला कुलूप लागतंय असं वाटत होतं ते बरं होतं." धाकटीने हात पदराला पुसले. "पण त्या तलावावरच्या माणसाचं ऐकलं आणि माझ्याच्याने पिन काढवेना. आपल्या घरात निभावलं, ताई. सगळ्यांच्या घरी धाकटी नसते."

"आणि त्या पाहुण्याला कागदात काय दिलंस?"

"अडलेली कुलपं. त्याने मागितली म्हणून. तुमचं नाव नाही दिलं." मग जराशी हसून, "तेवढा विश्वास ठेवा," ती म्हणाली आणि राहिलेले कपडे पिळायला गेली.



शुक्रवारी सकाळी पाहुणा टेबलापाशी येऊन बसला होता. कुणी एक, कुणी दोन जुनी कुलपं आणली होती. थोरलीने आपलं कुलूप ठेवलं, त्याच्या शेजारी दोन चाव्या ठेवल्या आणि पिशवीतून डबा काढून टेबलावर मांडला. पितळच ते, जड वाजलं. रेडिओचा हात तोंडावर गेला.

"साहेब, ती पेटी उघडा आता," थोरली म्हणाली. "त्या कुलपांत चारच पिना निघतील. पाचवी यात आहे. युक्ती माझी, मीच सगळ्यांना शिकवली. या चौघींना काही बोलू नका."

"पेटी मी तलावावरच उघडली होती," पाहुणा म्हणाला. "अकराच्या अकरा कुलपं तिथेच उघडून बघितली, मग बांधून आणली. गाठ माझीच आहे."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून..."

"हो. तुम्ही रोज सकाळी ती बघायचात तेही मला दिसायचं. काच दोन्हीकडून काचच असते, बाई. आणि या दारातून आतलं बोलणंही बाहेर ऐकू येतं. 'नव्याचे नऊ दिवस' आणि 'पाहुणा', दोन्ही मी अ‍ॅप्रन बांधतानाच ऐकलं."

रेडिओ एकदम बोलली, "बघा! मी म्हटलं होतं, मी नाही!"

थोरलीचा मात्र संताप झाला. पंधरा दिवस तिची झोप उडाली होती आणि हा शांतपणे पिना वेचत बसला होता. "मग बोलला का नाहीत? खेळ वाटला का तुम्हाला?"

"खेळ नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं असतं की पिना कोण काढतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

थोरलीने क्षणभर विचार केला. खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. "नाही म्हणाले असते. आणि घरी जाऊन डबा विहिरीत टाकला असता."

"झालं. पिना काढल्यात हे पेटीत दिसत होतं. का काढाव्या लागल्या, ते पेटीत नव्हतं. ते या खुर्चीत बसल्याशिवाय कळलं नसतं. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही, गेल्या आठवड्यात मला गप्प राहणं जड गेलं. माल पॅकिंगकडे जात होता. मी तो पॅकिंगमध्येच अडवून ठेवलाय, मी आल्यापासून एकही खोकं बाहेर गेलेलं नाही." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. "ही यांची अडलेली पाच, ही माझी चार. बाई, तुमच्या बोटांना कळतं म्हणतात. बघा बरं, कुठली अडतेय."

थोरलीने पहिलं उचललं. चावी घातली, डोळे मिटले. "तिसरी." दुसरं उचललं. "तिसरी." नऊही कुलपं झाली. नऊही वेळा तिसरी. ती थबकली. "गेले आठ महिने मला तिसरीच लागते," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं माझेच हात म्हातारे झाले."

"माझीपण तिसरी," रेडिओ म्हणाली.

"माझीही," बाकीच्या दोघी एकदम म्हणाल्या. पाचजणी एका टेबलावर कोपराला कोपर लावून बसत होत्या, आणि पाचजणींनी हे आपापल्या खिशात ठेवलं होतं.

तिसरी पिन अडते म्हणजे चावीची तिसरी खाच उथळ. खाच उथळ म्हणजे मशीन. मशीन म्हणजे मेहुणे. हे सगळ्यांच्या डोक्यात एकाच वेळी आलं असावं, कारण सगळ्यांच्या माना एकाच वेळी मशीनकडे वळल्या.

पाहुणा उठला. "मी निघालो. कोण येतंय?"

हात दाखवून अवलक्षण ते हेच, थोरलीला वाटलं. मालकांच्या घरात भांडण लावायचं आणि मग पाहुण्याने नेहमीसारखं निघून जायचं. तरी ती उठली. तिच्यामागे धाकटी, आणि मग सगळ्याच.

मेहुणे मशीनवर वाकलेले होते. सहाजण आपल्याकडे येताना पाहून त्यांनी मशीन बंद केलं. थोरलीने कुलूप आणि चावी त्यांच्यापुढे धरली. "तिसरी खाच उथळ येतेय, मेहुणे."

तिला वाटलं आता हे ओरडणार. मेहुण्यांनी चावी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मशीनचं झाकण उघडलं. एका दांड्यावर पाच छोटी चाकं होती, प्रत्येक चाक एक खाच कापणारं. मधल्याची धार गेलेली साध्या डोळ्यांना दिसत होती.

"आठ महिने झाले, नवं चाक मागतोय," ते म्हणाले. "दाजी म्हणतात, तू घरचाच आहेस, घे चालवून. बाहेरचा असतो तर भांडलो असतो. घरचा पडलो." मग त्यांनी बायकांकडे पाहिलं. "पण तुमच्याकडून एक चावी परत आली नाही हो. रोज वाट बघायचो की कुणीतरी तक्रार करेल आणि ती घेऊन मी दाजींकडे जाईन. एकीनेसुद्धा केली नाही. म्हटलं, चालतंय."

पाहुण्याने बाह्या सारल्या आणि मेहुण्यांबरोबर तिथेच दांडा सोडायला घेतला. ग्रीसने दोघांचे हात काळे झाले. पाहुण्याने स्वतःच्या सहीने मागवलं आणि चाक त्याच दिवशी दुपारी आलं. थोरलीने मशीन सुरू झाल्यावर कापलेल्या पहिल्या वीस चाव्या तपासल्या, एकेक करून, कुणावरही विश्वास न ठेवता.

रविवारी सगळे आले. तलावावरून परत मागवलेली सगळी दोनशे कुलपं आणि पॅकिंगमध्ये अडवलेला सगळा माल पुन्हा उघडून, पिना मोजून, नव्या चाव्यांनी भरला. प्रत्येक कुलूप आपल्या चावीने उघडतं का हे पाहिलंच, शिवाय दुसऱ्या दहा चाव्यांनी उघडत नाही ना, हेही पाहिलं. ही दुसरी तपासणी थोरलीने सुचवली. परक्या चाव्या लावून बघायचं काम तिच्याइतकं मन लावून दुसरं कुणी केलं नसतं.

टेबल वाचलं. पाहुण्याने मालकांना सगळं सांगितलं, पिनांसकट.

"तुमचं नाव घातलं मी," त्याने थोरलीला सांगितलं.

"घालायलाच हवं होतं."

मालकांनी निकाल दिला. फळ्यावरचे ठिपके बंद. अडलेलं कुलूप आता चावीसकट थेट मशीनवर जाणार. थोरलीला तीन महिने पॅकिंग, आणि टेबलाची मुख्य धाकटी. कानामागून आली आणि तिखट झाली, असं रेडिओ म्हणायच्या बेतात होती, पण थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि तिने वाक्य गिळलं.

सोमवारी थोरली पॅकिंगमध्ये उभी राहिली. थोड्या वेळाने पाहुणा तिथून गेला, दोन पावलं मागे आला.

"डाव्या कोपऱ्यात उभ्या राहा," तो म्हणाला. "तिथे फरशीवर लाकडी फळी आहे. पाय कमी दुखतात."

यात याचा काय डाव असेल, असं थोरलीच्या मनात आलंच. मग ती फळीवर जाऊन उभी राहिली. पाय खरंच कमी दुखत होते.

टेबल सोडायच्या आधी, रविवारी दुपारी, तिने सगळ्यांच्या परवानगीने स्वतःसाठी एक कुलूप भरलं होतं. पाच पिना, मोजून. सोमवारी संध्याकाळी ते कपाटाला लावलं, खिळ्यावरून धाकटीची जुनी चावी आणून त्यात घालून पाहिली. फिरली नाही. पुन्हा पाहिली. नाहीच फिरली. मग नव्या कुलपाच्या दोन चाव्यांतली एक तिने गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि दुसरी नेऊन धाकटीच्या हातात दिली.

धाकटी भाजी निवडत होती. तिने चावीकडे पाहिलं, मग थोरलीकडे.

"आता काही गेलं तर आळ माझ्यावर येणार, ताई."

"तुझ्यावरच येणार," थोरली म्हणाली. "दुसरं कोण आहे मला?"